फॉरमॅट मारण्याआधी

आपल्या हॉस्टेलवर संगणकाच्या सर्व रोगांवर एकच औषध चालते. पीसी हँग होतो? फॉरमॅट मार. गाणी अडकतात? फॉरमॅट मार. सबमिशनच्या आदल्या रात्री वर्ड उघडायला पाच मिनिटे लागतात? 'अरे, सी ड्राइव्ह उडव आणि फ्रेश विंडोज टाक!' हे औषध अधूनमधून लागू पडते, त्यामुळे त्याची कीर्ती वाढतच जाते. आणि ज्या दिवशी ते लागू पडत नाही त्या दिवशी पेशंटचा डेटा आधीच पुसला गेलेला असतो.

गेली तीन वर्षे माझ्या खोलीवर असे मंदावलेले लॅपटॉप आणि सीपीयू येत आहेत. मी ई अँड टीसीचा विद्यार्थी, काही डॉक्टर वगैरे नाही. पण एकदा एकाचा पीसी बरा झाला की पुढचे दहा जण आपोआप दार ठोठावतात. तुम्ही म्हणाल, आता सगळ्यांकडे एसएसडी आहे, हार्ड डिस्क राहिली कुठे? नव्या लॅपटॉपच्या बाबतीत खरे आहे. पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडे मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप असतो, लॅबमधली निम्मी यंत्रे जुनी आहेत, ऑफिसमध्ये तर विचारूच नका, आणि सिनेमे व फोटो ठेवायची एक्स्टर्नल डिस्क जवळजवळ प्रत्येक मजल्यावर आहे. या सगळ्यांत अजून तबकडीच फिरते.

मी पहिला प्रश्न विचारतो तो 'कधीपासून?' हा. 'हळूहळू, वर्षभरात' असे उत्तर आले तर डिस्कवर संशय घ्यायची मला घाई नसते. प्रोग्रॅम वाढलेले असतात, ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो, रॅम तेवढीच राहिलेली असते. पण 'परवापासून' असे उत्तर आले तर मग परवा काय घडले ते शोधायचे. लॅपटॉप बॅगेसकट पडला का? लाइट गेली होती का? सीपीयू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला का? रात्री अपडेट आले का? दुसरा प्रश्न, 'सगळेच हळू आहे की एखादी ठरावीक गोष्ट केली की अडकते?' या दोन प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली तर निम्मे काम स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच होते. बहुतेक जण मात्र 'काय माहीत रे, स्लो झालाय' एवढेच सांगतात.

तबकडीचे गणित

निदान करायचे तर निरोगी डिस्क किती वेगवान असते हे आधी माहीत हवे. हे गणित एफ.ई.च्या मुलालाही जमेल.

डेस्कटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर सरकायला सरासरी ९-१० मिलिसेकंद लागतात. एकूण झाले सुमारे १४. म्हणजे तबकडीवर विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम ७० जागा होतात. प्रत्येक ठिकाणी ४ केबी वाचले तर सेकंदाला साधारण २८० केबी! तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचायला बसली तर सेकंदाला १०० एमबीच्या पुढे सहज जाते. एकाच निरोगी डिस्कच्या दोन वेगांत साडेतीनशे पटींचा फरक. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा ५४०० फेऱ्यांची असते, तिचा फेरा ११.१ मिलिसेकंदांचा, म्हणजे तिची अवस्था आणखी बिकट.

ऑफिसच्या शिपायाला एकाच कपाटातले शंभर कागद आणायला सांगा, तो एका खेपेत आणेल. शंभर कपाटांतून एकेक कागद आणायला सांगा, मग संध्याकाळपर्यंत वाट बघा. शिपाई तोच आहे, आळशीही झालेला नाही.

त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये डिस्क '१०० टक्के' आणि शेजारी वेग मात्र 'सेकंदाला ०.६ एमबी' असे दिसले की लगेच 'डिस्क गेली' असे ओरडू नये. १०० टक्के याचा अर्थ डिस्क सतत कामात आहे एवढाच. मी त्याच पानावर खाली असलेला सरासरी प्रतिसादाचा वेळ पाहतो. १०-२० मिलिसेकंद असेल तर डिस्क ठणठणीत आहे. काम खूप असताना शंभर-दोनशे झाला तरी समजू शकते. पण वाचन-लेखन नगण्य आणि प्रतिसादाचा वेळ दोन-तीन हजार मिलिसेकंद, असे चित्र दिसले की मी गप्प होतो आणि पहिल्यांदा विचारतो, 'बॅकअप आहे का?'

डिस्क निर्दोष असते तेव्हा

माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच जणांची डिस्क चांगलीच निघाली. खरा गुन्हेगार रॅम. ४ जीबी रॅमवर विंडोज १०, ब्राउझरचे वीस टॅब आणि वर मॅटलॅब! रॅम भरली की विंडोज तिच्यातली पाने डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. रॅमचे काम डिस्कच्या गळ्यात पडते, आणि तेही विखुरलेल्या छोट्या वाचनांचे, जे तिला सर्वांत जड जाते. रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबवर कोणती फाइल सर्वाधिक वाचली-लिहिली जाते ते पाहा. पेज फाइल सगळ्यात वर असेल तर चार-आठ जीबीची रॅम घाला, फॉरमॅटने काहीही साधणार नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार सुट्टीनंतरचा. दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत येतात, महिनाभर बंद असलेला पीसी चालू करतात आणि तो गोगलगाय झालेला असतो. महिनाभराचे अपडेट एकदम येतात, अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळायला घेतो, सर्चची सूची नव्याने बांधली जाते, आणि हे तिघे मिळून त्या बिचाऱ्या एका हेडला इकडून तिकडे पळवतात. यावर उपाय म्हणजे मशीन चालू ठेवून जेवायला जाणे. तास-दीड तासाने परत पाहावे. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी आलेल्या लोकांना हेच सांगून परत पाठवतो. त्यांना वाटते मला भाव आला आहे.

विंडोज १० चा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुने मशीन वेगवान करण्यासाठी पुन्हा तीच टाकण्याचा खटाटोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

फ्रॅगमेंटेशनबद्दल फार बोलत नाही. एकेकाळी डीफ्रॅगचे रंगीत चौकोन सरकताना बघत बसणे हा हॉस्टेलवरचा करमणुकीचा कार्यक्रम होता म्हणे. विंडोज आता ते काम ठरलेल्या वेळी स्वतःच करते. आणि फ्रॅगमेंटेशन हा हळूहळू वाढणारा आजार आहे, 'परवापासून'चे उत्तर तो नव्हे.

दोष विंडोजचा की लोखंडाचा हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्या, इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू करा, आणि डिस्कवरची एखादी मोठी फाइल वाचून बघा. तिथे डिस्क सुरळीत, सलग ८०-१०० एमबीने वाचते आहे तर दोष विंडोजमध्ये, मग खुशाल फ्रेश विंडोज टाका (डेटा काढून घेऊन, अर्थात). उबुंटूतही डिस्क अडखळत असेल तर फॉरमॅटचा विषय संपला. या कसोटीला पंधरा मिनिटे लागतात. फॉरमॅट, ड्रायव्हर, ऑफिस, सगळे सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला पूर्ण रविवार लागतो.

डिस्कची डायरी

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. या पद्धतीला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम ती डायरी उघडून दाखवतो, लिनक्समध्ये स्मार्टमॉनटूल्स. डझन-दोन डझन ओळी दिसतात आणि नवशिका घाबरतो. मी चारच बघतो.

०५ क्रमांकाची ओळ म्हणजे निकामी ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. सी ५ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. एटीकेटीवर असलेले म्हणा ना. त्या जागी पुन्हा लिहिले गेले की निकाल लागतो: जागा चांगली निघाली तर आकडा कमी होतो, वाईट निघाली तर सेक्टर राखीव जागेत जातो. सी ६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना सापडलेले, न सुधारणारे सेक्टर. आणि सी ७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत झालेल्या चुका. लिनक्समध्ये हेच क्रमांक दशमान पद्धतीत ५, १९७, १९८ आणि १९९ असे दिसतात. पहिले तीन तबकडीबद्दल बोलतात, चौथा वायरबद्दल. हा फरक पाच हजार रुपये वाचवू शकतो, त्याकडे पुढे येतो.

एक खुबी आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये कच्चे आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. सी ५ समोर १८ दिसले तर ते अठरा नव्हेत, चोवीस आहेत. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर सुटलेल्यांना हे सांगायला नको, तरीही सांगतो, कारण सुटलेलेही फसतात. तसेच काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये पहिल्याच ओळीत, वाचनातील चुकांसमोर, प्रचंड आकडा असतो. तो त्या कंपनीच्या मोजायच्या पद्धतीचा भाग आहे, त्याने झोप उडवून घेऊ नये.

आणि बायोसमध्ये 'स्मार्ट ओके' लिहून आले म्हणून निर्धास्तही राहू नये. गूगलच्या तीन संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट जास्त निघाली. हे झाले एक. दुसरे असे, की बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्या मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे डायरीत वाईट लिहिलेले असेल तर विश्वास ठेवा, काहीच लिहिलेले नसेल तर फार विश्वास ठेवू नका.

एक सेक्टर आणि अख्खा पीसी

आता मेसच्या पीसीची हकीकत. आपल्या मेसचे हिशेब एका जुन्या डेस्कटॉपवर असतात हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या फेब्रुवारीत मेसचे काका मला म्हणाले, 'अरे, बघ ना जरा. सोमवारपासून पावती छापायला गेलं की मशीन मरतं. मग दोन-तीन मिनिटांनी आपोआप जिवंत होतं. सेक्रेटरी म्हणतो फॉरमॅट मारू.'

'काका, काही करू देऊ नका त्याला. सोमवारी काय झालं होतं?'

'काही नाही रे. हॉल धुवायला काढला होता, तेव्हा सीपीयू जरा सरकवला.'

'चालू असताना?'

काका काही बोलले नाहीत. चालू डिस्कचे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर असते. केसाच्या जाडीशी तुलना करायची तर केस हजारो पट जाड. त्या अवस्थेत टेबलावरून फरशीवर धप्पकन ठेवणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलो. सिस्टीमच्या नोंदींत 'डिस्क' या नावाने ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे काम पुन्हा करून पाहावे लागले. पहिली नोंद त्याच सोमवारची, सकाळी अकराची. क्रिस्टलडिस्कइन्फोवर पिवळा रंग, ०५ समोर शून्य, सी ५ समोर १८. म्हणजे चोवीस. आता गंमत पाहा. साधारण २०११ पासूनच्या डिस्कमध्ये तबकडीवरचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण संगणकाला तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो. म्हणजे चोवीस सेक्टर हे प्रत्यक्षात तीनच. अवघे १२ केबी, आणि ५०० जीबीची अख्खी डिस्क आजारी!

तीन सेक्टरांमुळे पूर्ण मशीन का अडकते? कारण घरगुती वापराची डिस्क सहजासहजी हार मानत नाही. सेक्टर वाचता आला नाही की ती पुढच्या फेऱ्याला पुन्हा वाचते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवून पुन्हा वाचते, असे करत राहते. प्रत्येक प्रयत्नाला एक फेरा, ८.३३ मिलिसेकंद. शेकडो प्रयत्न झाले की सेकंद उलटतात, आणि तेवढा वेळ मागची सगळी रांग तशीच उभी. मेसमध्ये पुढचा मुलगा काउंटरवर सुट्या पैशांवरून वाद घालत बसला की रांगेतल्या शेवटच्या मुलाची पोळी जशी गार होते, अगदी तसेच. त्यात भर म्हणजे डिस्क थकून 'नाही जमत' म्हणाली तरी विंडोज तीच मागणी पुन्हा पाठवते.

आणि पावतीच्याच वेळी का? कारण त्या तीनपैकी एक सेक्टर प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये होता. हे अर्थातच नंतर कळले.

त्या मशीनवर आठ महिन्यांचे हिशेब होते आणि त्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांची अनामत रक्कम. कुणी किती भरले, कुणाचे किती कापले, कुणाला किती परत द्यायचे. बॅकअप म्हणून काकांनी दाखवलेला पेन ड्राइव्ह गेल्या जूनचा निघाला. सेक्रेटरी माझा वर्गमित्रच, त्याला घाई होती. 'तू चेक डिस्क चालव ना, बॅड सेक्टर रिपेअर होतात त्यात.' हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि चुकीच्या वेळी दिला जातो. पूर्ण पृष्ठभाग तपासणारी चेक डिस्क आजारी डिस्कला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला लावते, खराब जागी पुन्हा पुन्हा आपटायला लावते, आणि वर फाइल सिस्टीममध्ये बदलही लिहिते. डीफ्रॅग त्याहून वाईट. पायाला फ्रॅक्चर आहे की नाही ते पाहायला पेशंटला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्यासारखे ते आहे. डेटा बाहेर निघाल्यानंतर जे करायचे ते करावे.

आम्ही मशीन तिथेच बंद केले. डिस्क काढून माझ्या डेस्कटॉपला जोडली, शेजारी १ टीबीची रिकामी डिस्क लावली आणि उबुंटूवरून डीडीरेस्क्यू चालवले. नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये खराब सेक्टर आला की कॉपी तिथेच डोके आपटते. डीडीरेस्क्यू उलटे करते: खराब जागा लागली की ती एका नकाशात टिपून पुढे उडी मारते, आधी सगळा निरोगी भाग काढून घेते, आणि मग शेवटी खराब जागांच्या कडा कुरतडत आत शिरते. मध्येच लाइट गेली तरी नकाशा शाबूत असल्यामुळे पुढे तिथूनच चालू होते. (त्या रात्री एकदा गेलीच.) नवी डिस्क जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी हवी, आणि कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य हे कमांड देण्याआधी मोठ्याने वाचून घ्यावे. डिस्कची क्षमता आणि सीरियल नंबर जुळवून बघावा. ही अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते आणि मग कुणीच काही करू शकत नाही.

निरोगी भाग यायला सुमारे पावणेतीन तास लागले. उरलेल्या १२ केबीसाठी मात्र पहाटेपर्यंत बसलो. तीन सेक्टरांपैकी एक परत मिळाला, तोच प्रिंटरवाला. दोन गेले. त्यातला एक रिकाम्या जागेत होता, दुसरा नोव्हेंबरच्या हिशेबाच्या फाइलमध्ये. ती फाइल उघडलीच नाही. काकांनी कागदी व्हाउचर जपून ठेवली होती म्हणून बरे. सेक्रेटरी आणि मी दोन संध्याकाळ बसून नोव्हेंबर पुन्हा टाइप केला. बाकीचे सात महिने जसेच्या तसे. मे महिन्यात अनामत वेळेवर परत गेली, त्यातल्या बहुतेकांना हे प्रकरण आजच कळत असेल.

वायर, कौले आणि वूफर

आता सी ७. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधले एक मशीन अचानक मंदावले. लॅबच्या सरांनी नव्या डिस्कची मागणी लिहूनही ठेवली होती. डायरी पाहिली तर ०५, सी ५, सी ६ तिन्ही शून्य, आणि सी ७ समोर हजाराच्या वर आकडा. तबकडी ठणठणीत, वाट खराब. मदरबोर्डकडे जाणारी साटा केबल काढली तर टोकाच्या पट्ट्यांवर हिरवट काळपट थर. आपल्या कॉलेजपासून समुद्र फार लांब नाही, पावसाळ्यात वह्यासुद्धा दमट होतात, मग तांब्याचे काय! वाटेत चुका होऊ लागल्या की तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो, आणि नियंत्रक जोडणीचा वेगही उतरवतो, सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३ वर, मग १.५ वर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सध्याचा आणि कमाल वेग शेजारी शेजारी दिसतो, ते दोन आकडे वेगळे असतील तर आधी केबल बदलून पाहा. शंभर-दीडशे रुपयांत येते. सी ७ चा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो लिहून ठेवायचा आणि आठवड्याने वाढला का ते बघायचे. वाढला नाही म्हणजे काम झाले. लॅबच्या मशीनचा वाढलेला नाही.

सर या निमित्ताने विंडोज एक्सपीच्या काळात रमले. तेव्हाच्या रुंद पट्टीच्या आयडीई केबलमध्ये अशा चुका झाल्या, एकूण सहा झाल्या, की एक्सपी एकेक पायरी खाली उतरत शेवटी डिस्कला डीएमएवरून पीआयओ पद्धतीवर टाकत असे. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जायचा, माउस चिकटायचा, गाणे तुटक वाजायचे. उपाय एक मिनिटाचा होता: डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून मशीन पुन्हा चालू करणे. सर म्हणाले, 'आणि लोक तेव्हाही फॉरमॅटच मारायचे.'

एक्स्टर्नल डिस्कची तक्रार वेगळी असते. 'सुरुवातीचे तीस-चाळीस जीबी झपाट्याने गेले, मग एकदम दहा एमबीवर आले.' आधी पोर्ट बघा. समोरच्या जुन्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावली तर काहीही केले तरी ३५-४० एमबीच्या पुढे जात नाही. पोर्ट बरोबर असूनही मध्येच कोसळत असेल तर ती डिस्क बहुधा एसएमआर जातीची आहे. २०१३ च्या सुमारास या डिस्क बाजारात आल्या. लिहिणारे हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असते, म्हणून यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, थेट आपल्याकडच्या कौलांसारखे. जागा वाचते. पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेल्या ओळी उचलाव्या लागतात हे कोकणातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. म्हणून डिस्क नवीन डेटा आधी एका वेगळ्या, साध्या पट्ट्यात उतरवून घेते आणि मोकळ्या वेळी कौले शाकारते. तुम्ही तिला मोकळा वेळच दिला नाही, पट्टा भरला, की वेग कोसळतो. हा बिघाड नव्हे. डिस्क तासभर जोडलेली ठेवून नुसती बसू द्या, पुन्हा पळेल. मात्र विकताना हे सांगायला हवे होते, आणि २०२० मध्ये असे उघड झाले की मोठ्या कंपन्यांनी काही मॉडेल्सच्या बाबतीत ते सांगितलेच नव्हते. गिऱ्हाइकांनी त्यावर चांगलाच गोंधळ घातला, आणि योग्यच केले.

गणेशोत्सवात आलेली एक केस तर फारच मजेशीर होती. संध्याकाळी सात ते दहा पीसी हळू, रात्री अकराला एकदम ठीक! खोलीवर गेलो तर सीपीयूच्या डोक्यावर वूफर. हेडला ट्रॅकवर राहायला नॅनोमीटरची अचूकता लागते, आणि खालून कॅबिनेट थरथरते आहे. प्रत्येक चुकलेल्या वाचनाला एक फेरा वाया. हसू नका, सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस सर्व्हरच्या डिस्कसमोर नुसते ओरडून प्रतिसादाचा वेळ वाढलेला आलेखावर दाखवला होता, त्याचा व्हिडिओ आहे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहिलेला किस्सा त्याहून भारी: जॅनेट जॅक्सनच्या १९८९ मधल्या एका गाण्याने काही लॅपटॉप बंद पडायचे, कारण त्यातला एक सूर ५४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळत होता. शेजारच्या लॅपटॉपवर गाणे वाजले तरी हा बंद! मेकॅनिकलच्या मुलांनी रेझोनन्सचे उदाहरण म्हणून व्हायवाला सांगून पाहावे. आमच्या केसमध्ये वूफर जमिनीवर ठेवला, बस्स.

एवढे सगळे पाहून झाल्यावर, तिन्ही आकडे शून्य, केबल ठीक, वूफर खाली, रॅम पुरेशी, आणि तरीही मशीन कंटाळवाणे वाटते असे असेल तर डिस्क बिचारी आपल्या परीने धावतेच आहे, सेकंदाला सत्तर जागा. तिथे एसएसडी घालणे हाच इलाज. मशीन जुने असेल तर साटाची अडीच इंची एसएसडी घ्या, एम डॉट टू पाहून भुलू नका. खाच नसेल तर ती खिशातच राहील. जुन्या डिस्कवरून थेट क्लोन करायचा तो फक्त सी ५ शून्य असेल तर, नाहीतर आधी मेसच्या पीसीसारखे डीडीरेस्क्यूने. एसएसडीही काठोकाठ भरली की मंदावते, तेव्हा पाचवा हिस्सा रिकामा राहू द्या. आणि काढलेली जुनी डिस्क, सी ५ किंवा ०५ वर आकडा असलेली, 'बॅकअपला होईल' म्हणून कपाटात ठेवू नका.

कुणाला मशीन आणायचे असेल तर चार्जर आणि तेवढ्याच क्षमतेची एक रिकामी डिस्क बरोबर आणा. सबमिशनच्या आठवड्यात रात्री अकरानंतर दार उघडणार नाही.